कान तुटलेल्या कपातला राजा

दुकानात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशापुढं गिऱ्हाईक थांबलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, यातला नर कोणता अन् मादी कोणती?"

मी उलट विचारते, "घाईत आहात का?"

घाईत असले तर मोठ्याकडं बोट दाखवून "ही मादी" म्हणते आणि पिशवीला रबर लावून देते. घाईत नसले तर स्टूल पुढं सरकवते. कारण खरं उत्तर जरा लांबडं आहे, आणि ते ऐकून काही माणसं रागावतात. या उत्तरापायी पडेगावच्या एका घरात माझ्यावर काय वेळ आली होती, तेच आज लिहायला बसले आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढं माझी घाबरगुंडी का उडते ते कळेल. मी वेंगुर्ल्याकडची. आईच्या पाटीत मासे जास्त आणि घरात हात कमी, म्हणून सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या कंपनीच्या मागं या शहरात आले. इथं समुद्र नाही, खाडी नाही, ओळखीचा वास नाही. पहिले काही महिने मी नुसती घाबरत होते, रस्त्याला, रिक्षाला, भाषेलासुद्धा. एकदा औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला गेले आणि एका बोळात काचेच्या टाक्या दिसल्या. पाय आपोआप थांबले. आतनं मालक, करीमचाचा, म्हणाले, "क्या होना बाई?"

मला काहीच नको होतं. तोंडातनं निघून गेलं, "एवढे मासे आहेत, मग वास कसा येत नाही?"

चाचा खुर्चीवरनं पडायचे बाकी राहिले. "मरे नय ना अभी तक!" म्हणाले. हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, काम करशील का. मी मान हलवली. तेव्हापासून या दुकानात आहे. या माणसानं मला या शहरात उभं राहायला जागा दिली, हे मी रोज कुलूप उघडताना मनात म्हणते. आईला मात्र हा धंदा आजही पटलेला नाही. फोनवर विचारते, "काय गो, मासे विकतंस आणि कोण खाणा नाय? मगे इकत घेतत कित्याक?"

दुकानात बहुतेक मासे गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्याची टाकी एकच, तीही मागं, हात धुवायच्या बेसिनजवळ. ती चाचांनी माझ्यावर सोपवली, कारण त्यांच्या हिशेबानं कोकणातल्या प्रत्येक माणसाला खाऱ्या पाण्यातलं सगळं कळतं. मला आमटी सोडून काही कळत नव्हतं. पण नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून शिकले. नळाचं पाणी कधी येईल याची गल्लीभर चर्चा चालते अशा या शहरात मी प्यायच्या पाण्याचे जार मागवते आणि त्यात समुद्री मीठ कालवते. जारवाला दर वेळी दारात थांबून बघतो. "गावाला प्यायला पाणी नाय अन् तू चांगल्या पाण्यात मीठ टाकती व्हय?" म्हणतो. त्याचं खरं आहे. मी खाली मान घालून ढवळत राहते.

आता त्या माशाचं. पोरं त्याला सिनेमातल्या नावानं हाक मारतात, आम्ही धंद्यातले क्लाऊन म्हणतो. या जातीत जन्माला येताना कुणीच मादी नसतं. सगळी पिल्लं एकाच रांगेत उभी असतात. मग आपसांत ढकलाढकली होते, चावाचावी होते, आणि जो सगळ्यांत दांडगा ठरतो तो मादी होतो. दुसऱ्या नंबरचा तिचा नवरा. बाकीचे बारके नुसते रांगेत. ते मुद्दाम फार वाढतसुद्धा नाहीत, कारण वाढले की मार बसतो. मादी मेली तर नवरा तिची जागा घेतो. म्हणजे 'घेतो' नाही, 'घेते'. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत त्याची मादी होते, आणि तिसऱ्या नंबरचा सरकून नवरा होतो. एकदा मादी झाली की परत फिरणं नाही.

आणि हे सगळं चालतं मानेवर. मोठी जवळ आली की बारका अंग कलतं करतो, मान झटक्या-झटक्यानं हलवतो, थरथरतो. "बाई, तू मोठी, मी लहान, मला जगू दे," असं ते म्हणणं. मोठीनं ते ऐकलं की जोडी जमली. बारक्यानं मान हलवली नाही, तर सकाळी एकच मासा सापडतो.

पहिल्यांदा हे थरथरणं बघितलं तेव्हा मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. मी स्वतः दिवसभर तेच करत होते. चाचांपुढं, घरमालकिणीपुढं, बस कंडक्टरपुढं.

गिऱ्हाइकांना मात्र हा कायदा पचत नाही. सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी ऑफिसात ठेवायला जोडी न्यायला आले. "नर मोठा पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, यांच्यात मोठी ती मादीच. "आमच्याकडं असं नाय चालत," म्हणाले, आणि मोठ्याला स्वतःचं नाव देऊन घेऊन गेले. थोड्या दिवसांनी फोन आला. "ताई, धाकटा लई मार खातोय हो. मी दिसलो की थरथर कापतो बिचारा."

"तुम्ही म्हणजे?"

"म्हंजे माझ्या नावाचा."

"शेठ, मग तुमच्या नावाची मादी आहे."

फोन कट झाला. नंतर त्यांच्या सौ. शहरात खरेदीला आल्या तेव्हा खास दुकानात डोकावल्या आणि माझ्या हातावर पेढा ठेवून गेल्या.

आता राजाची गोष्ट.

मी या शहरात विकलेली पहिली खाऱ्या पाण्यातली जोडी म्हणजे राजा आणि राणी. ती नेली शहराच्या कडेला असलेल्या पडेगावच्या एका साहेबांनी. सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांची बायको सुमन, सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणते. साहेबांनी ही जोडी निवडली ती माझ्यावर विश्वास ठेवून. मी इतक्यांदा पाणी सांडलं की पिशवी तेच धरून उभे राहिले. "जयभीम ताई, घाबरू नका, मी पण नवीनच आहे," म्हणाले. समुद्रात हे मासे लवलवत्या काटेरी झुडपासारख्या एका जिवाच्या आश्रयाला राहतात. तो जीव सांभाळणं अवघड, म्हणून साहेबांनी टाकीत कचेरीतला आपला चहाचा कप आडवा ठेवला. त्याचा कान तुटलेला होता. राजा-राणीनं कप आपलासा केला आणि त्यातच संसार थाटला.

पुढं साहेब गेले. त्यानंतर काही महिन्यांनी राणी गेली. मुलं आधीच बाहेरगावी होती. राजा एकटा उरला, आणि सिस्टर एकट्या. एकट्या म्हणजे तशा नाहीत. साहेबांची मोठी बहीण, अक्का, भावाच्या माघारी घर सांभाळायला राहायला आली होती. येताना आपलं सगळं सामान आणि सगळी मतं बरोबर घेऊन आली होती.

एका सकाळी दोघी दुकानात हजर. अक्का पुढं, सिस्टर मागं.

"कोकणी," सिस्टर हळूच म्हणाल्या, मला त्या याच नावानं हाक मारतात, "राजाला बायको बघायला आलो."

अक्कानं स्टुलावर बैठक मारली. पदर सारखा केला. "दाखव मुली."

मी टाकीतला दिवा लावला. अक्का निरखून बघायला लागली. ही फिक्की आहे, हिची शेपूट बारकी, ती सारखी कोपऱ्यात तोंड घालून बसती, माणसात येत नाय. सिस्टरनी मोबाइलवर राजाचा फोटो काढून माझ्यापुढं धरला. अक्कानं माहिती दिली, "मुलगा एकटाच. सासू नाय, सासरा नाय. चार फुटी टाकी स्वतःची."

काउंटरवरनं चाचा म्हणाले, "लडका करता क्या?"

"खातो अन् फिरतो."

"फिर तो जमाई पक्का!"

सगळे हसले, मीही हसले. पण आता खरं सांगायची पाळी होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"अक्का, मुलगी नका बघू. मुलगा बघावा लागेल. अगदी लहानसा."

"राजाला?"

"राजा आता राजा नाही राहिला. राणी जाऊन इतके महिने झाले. तोच आता मादी झाला असणार."

चाचांच्या हातातला खाद्याचा डबा खाली पडला. अक्का स्टुलावरनं उठली. "माझ्या भावानं राजा म्हणून आणला. त्याच्या माघारी तू त्याची बाई केलीस?"

"मी नाही हो केली. त्यांच्यात आपोआप..."

"पाणी कुणाच्या दुकानातलं?"

"आमच्या."

"मीठ?"

"आमचंच."

"मग!"

  सिस्टर माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, अक्काकडं बघूनही हलवत होत्या. दोघी निघून गेल्या. चाचा डबा उचलत म्हणाले, "बाई, सच बोलती वो ठीक है. पर गिऱ्हाईक स्टूल पे बैठा रहे तब मत बोला कर."

पुढचं मला फोनवर कळलं. अक्काची भाची पुण्याला असते. तिनं तिथल्या कुठल्याशा दुकानातनं एक चांगली जून, भरदार मादी घेऊन ट्रॅव्हल्सनं पाठवली. अक्काचा विचार सरळ होता, राजाच्या तोलामोलाची पाहिजे, अंगापिंडानं शोभली पाहिजे. माणसांच्या लग्नात अक्काचा अंदाज कधी चुकला नाही म्हणतात. वस्तीतली किती लग्नं तिनं जमवलीत. पण या माशांच्या लग्नात तोलामोलाचं स्थळ म्हणजे खूनच.

दुपारी सिस्टरचा फोन आला. "कोकणी, ये गं लवकर. राजाला मारतीया ती."

मी चाचांकडं बघितलं. चाचांनी नुसता हात हलवला, जा. रिक्षात पूर्ण वेळ मी त्या रिक्षावाल्याला "जरा लवकर" म्हणत होते आणि लगेच "हळू हो" म्हणत होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, एक काय ते ठरवा."

घरात शिरले तर टाकीत पाणी नुसतं उसळत होतं. दोघी तोंडात तोंड अडकवून गोल फिरत होत्या. राजाची शेपटी फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. पुण्याचीचा एक पंख गेला होता. कप उलटा पडला होता. सिस्टर टाकीसमोर उभ्या, हात छातीशी. दवाखान्यात एवढी रक्तं बघितलेली बाई, पण तिथं तिला हात घालवत नव्हता. अक्का खुर्चीत बसून म्हणत होती, "नवा संसार म्हटल्यावर थोडं होतंच."

माझं जाळं घाईत दुकानातच राहिलं होतं. मी स्वयंपाकघरातनं भाजी धुवायची मोठी चाळण आणली, पुण्याचीला तीत घेतलं आणि चाळण तशीच पाण्यात तरंगत ठेवली. राजा कोपऱ्यात जाऊन एका कुशीवर कलला. श्वास चालू होता.

"अक्का," मी म्हटलं.  "हा संसार नव्हता. दोघी माद्या आहेत. एका घरात दोघींना पहिला नंबर पाहिजे होता."

 मी काय बोलून गेले ते मला नंतर कळलं. अक्का सिस्टरकडं बघत होती, सिस्टर फरशीकडं.

मग अक्का बोलली, आणि तिचा आवाज मला वाटला होता तसा करडा नव्हता. "सुमन, ऐक. भाऊ गेला. त्याची टाकी राहिली, त्यात हा एकटा. सकाळ-संध्याकाळ मला बघवत नाय. टाकीच्या जागी सोफा सांगून ठेवलाय मी. सोफा यायच्या आत हा जगला अन् याला सोबत मिळाली, तर राहू दे टाकी. नाय तर टाकी जाईल."

"हो अक्का," सिस्टर म्हणाल्या आणि मान हलवली.

म्हणजे साहेबांची टाकी राहणार की जाणार, ते आता त्या फाटक्या शेपटीच्या माशावर होतं. आणि तो मासा माझ्यावर. रिक्षात पुण्याचीची पिशवी मांडीवर घेऊन मी परत आले तेव्हा माझी स्वतःचीच मान थांबत नव्हती.

दुकानात आमच्या टाकीत रांगेच्या शेवटी एक जण होता. त्याचं नाव बारक्या. कुणी घेत नव्हतं, कारण पट्टे वाकडे आणि अंग एवढंसं. टाकीतले सगळे त्याला मारून जायचे आणि तो सगळ्यांना मान हलवून सलाम करायचा, दगडालासुद्धा. मला त्याच्याबद्दल माया होती, कारण सांगायला नकोच. राजाला आता असाच कुणी पाहिजे होता, ज्याला पहिला नंबर नकोच आहे. भीती एवढीच, की जखमी, चिडलेला राजा त्याला एका घासात संपवेल.

राजाची शेपटी थोडी भरून येऊ दिली. मग बारक्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डबीत घालून टाकीत टांगायचं ठरलं. एकमेकांना बघता येईल, वास येईल, पण चावता येणार नाही. त्याआधी टाकीतली मांडणी बदलायची असते. दगड हलवायचे, जागा बदलायच्या, म्हणजे जुन्या मालकाला वाटतं की आपणही नवीन घरात आलो. सगळं हलवलं. कप राहिला.

"कप हलवायचा नाय," अक्का म्हणाली. "भावाचा आहे. त्यानं ठेवला तिथंच राहील."

मी लगेच मान हलवली आणि हात मागं घेतला. पण कप जागेवर राहिला तर राजा त्या कोपऱ्यावरनं बारक्याचा जीव घेणार हे मला दिसत होतं.  तेवढ्यात सिस्टरनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि कप उचलून दुसऱ्या बाजूला आडवा ठेवला. "हलवते जरा," म्हणाल्या. एवढंच. अक्का काही बोलायच्या आत त्या हात पुसायला आत गेल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. राजा डबीवर डोकं आपटत होता. रोज सिस्टरचा फोन. "आज पण आपटतोय." "आज जरा कमी." मी दुकानात कामात असले तरी माझा कान फोनकडं. चाचा म्हणायचे, "तेरी बेटी का रिश्ता है क्या?" मी म्हणायचे, त्याहून अवघड आहे, तिथं निदान पत्रिका तरी बघता येते.

एक दिवस फोन उचलला तर पलीकडं सिस्टर नुसत्या श्वास घेत होत्या. मला वाटलं, गेला. 

"कोकणी," त्या म्हणाल्या, "राजा जवळ आला ना, की तो बारक्या डबीतनं असं अंग वाकडं करतो अन् मान झटकतो. लई वेळ बघत बसले. म्हटलं, हे आपण कुठं तरी बघितलंय."

"कुठं?"

"आरशात."

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. त्याच पुढं म्हणाल्या, "अक्का 'सुमन' म्हणाली की मी अशीच करते गं. दवाखान्यात वॉर्डभर माणसं माझ्या शब्दावर हलतात. अन् घरी हे." मग त्या स्वतःच खळखळून हसल्या. बऱ्याच दिवसांनी ऐकला तो आवाज.

डबी उघडली त्या वेळी मी तिथंच होते. टाकीतला दिवा बंद केला, म्हणजे भांडायचा जोर कमी असतो. बारक्या बाहेर आला आणि राजा गोळीसारखा त्याच्यावर गेला. अक्कानं माझा दंड धरला. एवढी ताकद त्या बाईच्या बोटात, वळ उठला. बारक्या पळाला नाही. जागच्या जागी आडवा झाला आणि असा थरथरला की पाहणाऱ्याला वाटावं, गेला. राजा थांबला. त्याच्याभोवती एक चक्कर मारली. एक चिमटा काढला. बारक्यानं परत मान हलवली. राजा वळला आणि नवीन जागच्या कपाकडं निघाला, आणि हा वेडा त्याच्या मागं मागं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी सांगितलं, दोघं कपात झोपले होते. राजा आत, बारक्या काठाला, निम्मा बाहेर. अक्का म्हणाली म्हणे, "नवीन सुनेला एवढीच जागा मिळायची आमच्या वेळी."

मला वाटलं, मिटलं. पण सोफा यायचा होता.

सोफा आला त्या दिवशी मी पाणी बदलायला पडेगावला गेले होते. दारात टेम्पो उभा. दोन माणसं सोफा उचलून उंबऱ्याशी आली. अक्का हॉलच्या मध्यभागी उभी राहून म्हणाली, "हे बघ सुमन, मासा जगला, सोबत मिळाली, लई चांगलं झालं. टाकी काय मी भंगारात टाकत नाय. मागच्या खोलीत ठेवू. इथं सोफा लागेल, चार माणसं येतात-जातात."

मागच्या खोलीत ऊन थेट येतं. पाणी तापतं. शिवाय नुकती जुळलेली जोडी हलवली की परत सगळं पहिल्यापासून. मला हे माहीत होतं आणि मी बादलीतलं मीठ ढवळत राहिले. अक्का मात्र मोठ्या प्रेमानं टाकीशी गेली. "काय रे राजा, जातोस ना मागं?" म्हणून तिनं झाकण उचललं आणि बोट पाण्यात बुडवलं.

राजा कपातनं निघाला आणि बोटाला कडकडून चावला.

"आई गं!" अक्कानं हात काढून झटकला. सोफ्याचं पुढचं टोक धरलेला माणूस हसला, त्याच्या हसण्यानं मागच्याचा तोल गेला आणि सोफा उंबऱ्यात तिरका अडकला.

या गोंधळात सिस्टर पुढं आल्या. अक्काचं बोट हातात घेतलं, नर्सच्या हातानं दाबून बघितलं. "काही नाय झालं," म्हणाल्या. मग बोट न सोडता, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "अक्का, टाकी इथंच राहील. सोफा वरच्या खोलीत न्या. तुम्ही तिथं झोपता, तुम्हालाच बसायला होईल."

 टेम्पोवाले सोफा धरून अक्काकडं बघत होते. मी खाली बघून पाण्याची नळी गुंडाळायला लागले, गुंडाळलेली परत सोडायला लागले.

अक्कानं सिस्टरकडं बघितलं.  आणि मग तिची मान हलली. अगदी थोडी, एका बाजूला, झटक्यानं. ती हलकीशी थरथर मी रोज बघते. मला ती कुठंही ओळखू येते.

"वर न्या रे," अक्का टेम्पोवाल्यांना म्हणाली. "भिंतीला घासू नका."

त्यानंतर अक्का काही बारीक झाली नाही. आजही वस्तीत लग्नं जमवते. पण पाहुणे आले की त्यांना आधी टाकीपुढं उभं करते आणि बोट दाखवते, "हा मला चावला."

पुढच्या वर्षी एका सकाळी तिचाच फोन आला. तिनं मला स्वतःहून फोन करायची ती पहिलीच वेळ. मी उभी राहिले, बसून घेता येईना.

"कोकणी, कपाच्या आतनं शेंदरी दाणे चिकटलेत. रोग आला काय?"

"अंडी आहेत अक्का."

"बारक्यानं घातली?"

"नाही. राजानं."

 मी हळूच सांगितलं, की बारक्या आता वयात आलाय, तो त्यांचा बाप आहे. यांच्यात अंडी राखायचं काम बापाचंच. तोंडानं साफ करतो, पंखांनी वारा घालतो, मेलेलं वेचून टाकतो. राजा फक्त पहारा देतो.

"बाप सांभाळतो?"

"हो."

 अक्का म्हणाली, "सुमनच्या ड्युट्या असायच्या. पोरं सगळी माझ्या भावानंच सांभाळली. न्हाऊ घालायचा, वेण्या घालायचा. लोक हसायचे त्याला." मग तिनं हिशेब लावला, "मग गं, माझा भाऊ तो बारक्याच म्हण की. राजा तर सुमन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यातलं एकही पिल्लू जगलं नाही. त्यांना डोळ्यांना दिसणार नाही एवढं जिवंत खाद्य लागतं, ते पैदा करायची सोय ना त्यांच्याकडं, ना आमच्याकडं. अंडी फुटतात, दुसऱ्या सकाळी काही नसतं. समुद्रात असते तर एखादं तरी राहिलं असतं. मी समुद्राकाठची आहे, आणि समुद्र पिशवीत बांधून विकते. जारमध्ये मीठ ढवळताना हे कधी कधी मनात येतं. मग कुणीतरी येऊन नर कोणता, मादी कोणती विचारतं आणि मी स्टूल पुढं सरकवते.

पुण्याचीही आमच्याकडं खुशाल आहे. तिचा पंख भरून आला. बेसिनजवळच्या टाकीत तिनं सगळ्यांना रांगेला लावलं आहे.

त्या टाकीवरनंच आठवलं. दुकानाच्या दर्शनी काचेशी, रस्त्यावरनं दिसेल अशी मोठी टाकी रिकामी झाली आहे. इतकी वर्षं खारं पाणी मागं, बेसिनपाशी. परवा मी हात पुसले, काउंटरपाशी गेले आणि चाचांना म्हटलं, "पुढची टाकी मला द्या. खारं पाणी पुढं आणायचंय."

 मान मी हलवली नाही. दोन्ही हातांनी काउंटर धरून ठेवला होता, त्याचा फायदा झाला.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोच के बताता," म्हणाले.

त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. पण तसं म्हणताना त्यांची मान एका बाजूला जराशी हलली होती. मी नीट बघितलं आहे.